जेवणघरातील कळप

हेइका आस्लात गारेन नखे कापायची कात्री घेऊन स्वेरे यांच्या उजव्या कानाशी उभी होती, याबद्दल कोणाचेही दुमत नाही. दुमत आहे ते त्या वेळी ती काय म्हणाली याबद्दल. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक तुरिदबाई यांच्या मते ती नुसतीच पुटपुटत होती. गारेनची भाची रिस्तेन त्याच आश्रमात परिचारिका आहे. तिच्या म्हणण्यानुसार गारेनने स्वच्छ शब्दांत विचारले होते, "एवढा वाढला तरी हा बिनखुणेचा कसा राहिला?"

मी रिस्तेनचे म्हणणे ग्राह्य धरते. तुरिदबाई नॉर्वेजियन; उत्तरेतल्या आम्हा सामी लोकांच्या भाषेतला नमस्कार आणि 'कॉफी' एवढेच त्यांना येते, आणि आमच्या बोलण्याला पुटपुटणे म्हणण्याची पद्धत या गावात शाळेपासून आहे.

प्रश्न तसा रास्त होता. आमच्याकडे रेनडियरच्या पिलाचे कान कापून त्यांवर मालकाची खूण करतात. खूण घराची नसते, माणसाची असते. बाईची वेगळी, तिच्या नवऱ्याची वेगळी, पाळण्यातल्या मुलीची वेगळी. मोठे झालेले जनावर बिनखुणेचे फिरताना दिसले तर ते कोणीतरी आपले म्हणणारच, आणि उशीर करणारा मूर्ख ठरतो. स्वेरे हे आश्रमातलेच एक रहिवासी, निवृत्त सरकारी अधिकारी, वय पंचाऐंशीच्या पुढे, कान मोठे आणि अखंड. सगळी नोकरी त्यांनी कळपवाल्यांच्या दारी जाऊन "तुमची जनावरे किती?" असे विचारण्यात घालवली होती. हा प्रश्न आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नाही; तो बँकेतली शिल्लक विचारण्यासारखा आहे.

त्या घटनेनंतर तुरिदबाईंनी समुद्रकाठच्या शहरातल्या बंद विभागात गारेनसाठी जागा मागितली आणि ती मिळालीही. दाराला कुलूप असलेला विभाग. तिथे सामी बोलणारे कोणी नाही. गारेनला मात्र आता सामीखेरीज दुसरी भाषा उरलेली नव्हती. नॉर्वेजियन ती निवासी शाळेत मार खाऊन शिकली होती आणि सरकारी कचेरीत जायच्या कोटासारखी तिने ती आयुष्यभर वापरली होती; विसरण्याच्या आजाराने सगळ्यांत आधी तो कोट काढून नेला. म्हणजे त्या शहरात तिला पाणी मागता येणार नव्हते, दुखते कुठे ते सांगता येणार नव्हते, आणि उरलेले आयुष्य ती पुटपुटणारी बाई म्हणूनच राहणार होती. रिस्तेन हे सगळे तुरिदबाईंना सांगून चुकली होती. तुरिदबाई रडल्याही होत्या. पण कान तो कान.

*

गारेनचा जन्म वसंतातल्या स्थलांतराच्या वाटेवर, तंबूत झाला. जन्मस्थान विचारले की ती एका टेकडीचे नाव सांगायची. त्या नावाच्या टेकड्या दोन आहेत आणि दोन्हींवर तिचा हक्क सांगणारे लोक मला भेटले आहेत. तिचा पहिला दात दिसला तो शेजारच्या कळपवाल्या बिएराला. बाळाचा पहिला दात ज्याला दिसेल त्याने बाळाला एक मादी रेनडियर द्यायची, ही आमची रीत. अशा रीतीने गारेनच्या कळपाची सुरुवात एका दातापासून झाली. बिएराचा मुलगा योव्ना तेव्हा लहान होता आणि ती मादी त्याची लाडकी होती. त्याने याबद्दल वडिलांना कधीच माफ केले नाही, आणि दाताला तर नाहीच नाही.

गारेनने लग्न केले नाही. का, याविषयी तीन मते होती; तिन्ही बाळगणारे आता हयात नाहीत. कळप मात्र तिने असा वाढवला, की पठारावर तिचे नाव आदराने आणि थोडे जपून घेतले जाई. धावत्या जनावराच्या कानावरची खूण ती अशा अंतरावरून ओळखायची, जिथून इतरांना जनावर आहे की झुडूप याचाच निर्णय करावा लागे. हे मी प्रथम अतिशयोक्ती म्हणून बाजूला ठेवले होते. पण तिच्याशी भांडण असलेल्या लोकांनीही तेच सांगितले, तेव्हा नोंदीत परत घेतले.

भांडण म्हणजे योव्नाचे. तिची खूण अशी: उजव्या कानाचा शेंडा सरळ छाटलेला, डाव्या कानाला खालून एक खाच. योव्नाची खूण हुबेहूब तशीच, फक्त डाव्या कानाला वरूनही एक खाच. इतक्या जवळच्या खुणा शेजाऱ्यांना कोणी दिल्या हे मला सापडलेले नाही, पण देणाऱ्याला भविष्याची काळजी नव्हती हे निश्चित. गारेनकडे गाडी ओढणारा एक पांढरा नर होता, त्या दाताच्या मादीच्या वंशातला. एका वसंतात तो तिच्या कळपातून सुटला आणि शरदात योव्नाच्या कळपात दिसला, तेव्हा त्याच्या डाव्या कानाला दोन खाचा होत्या. गारेनने चर्चच्या दारात, सगळ्या गावासमोर योव्नाला चोर म्हटले. योव्ना म्हणाला, "कान बघ आणि मग बोल." त्यानंतर कित्येक वर्षे दोघांनी एकमेकांच्या घरची कॉफी घेतली नाही. आमच्या गावात याहून मोठे वैर शक्य नाही.

पुढे गारेनचा कळप भावाच्या मुलाकडे गेला. त्याने तो विकला आणि दक्षिणेत तेलाच्या कंपनीत नोकरी धरली. तेव्हापासून तिची खूण कोणाच्याही कानावर उरली नाही. तिचे विसरणे सुरू झाले ते त्याच सुमारास. या दोन गोष्टींचा संबंध जोडणारे लोक आहेत. मला तो सिद्ध करता येत नाही.

*

आश्रमात गारेन आणि योव्ना यांना समोरासमोरच्या खोल्या मिळाल्या. तुरिदबाईंनी हे चांगल्या हेतूने केले होते. दोघेही सामी, दोघेही कळपवाले, दोघांचीही स्मरणशक्ती अधू. एकमेकांची सोबत होईल, असा त्यांचा हिशेब. सांस्कृतिक पार्श्वभूमी या विषयावरचे प्रशिक्षण त्यांनी मनापासून घेतले होते. त्यातूनच बसायच्या मोठ्या खोलीत एक तंबू उभा राहिला आणि तंबूत विजेची शेकोटी. पत्ते आणि सोंगट्या यांचे कपाट तंबूच्या मागच्या बाजूला आले. तंबूची मागची बाजू आमच्याकडे पवित्र असते, तिथून कोणी ये-जा करत नाही. सामी रहिवाशांनी पत्ते खेळणे सोडून दिले. त्यांचा जगण्यातला रस कमी होत आहे, असा निष्कर्ष निघाला.

पहिली खूण तुरिदबाईंच्या नमद्याच्या सपातांवर सापडली. उजव्या सपातेचे टोक छाटलेले, डावीला खालून खाच. त्यांनी उंदराचा सापळा लावला. नंतर उशा, पडदे, टॉवेल, ओव्हनचे हातमोजे. जे काही जोडीचे किंवा दोन कोपऱ्यांचे होते ते सगळे कापले जात होते. एकट्या मोज्याला मात्र धक्का लागत नव्हता. आठवड्याभरात काही वस्तूंवर वरच्या बाजूनेही एकेक खाच दिसू लागली, तेव्हा तुरिदबाईंनी दुसरा सापळा लावला.

जुन्या कळपवाल्यांच्या ध्वनिफिती आणि कानखुणांची चित्रे सांभाळणे हे माझे काम, म्हणून मला बोलावणे आले. तुरिदबाईंनी त्यांच्या सपाता टेबलावर ठेवल्या.

"हा उंदीर नाही," मी म्हणाले. "ही हेइका आस्लात गारेनची खूण आहे."

"आणि ही उशी?"

"उशीही तिचीच होती. मग योव्नाने वरची खाच घातली."

"म्हणजे काय झालं?"

"चोरी झाली," रिस्तेन म्हणाली.

"कसली चोरी? उशी आश्रमाची आहे. आणि सपाता माझ्या आहेत."

"होत्या," रिस्तेन म्हणाली.

मग दोघांच्याही सुऱ्या काढून घेतल्या गेल्या. आमच्याकडे कमरेला सुरी नसलेला माणूस अर्धवट कपड्यांतला समजला जातो, त्यामुळे दोघेही काही दिवस लाजून खोलीबाहेर आले नाहीत. त्यानंतर गारेनला कात्री सापडली आणि स्वेरे यांच्या कानाचा प्रसंग घडला. कात्री काढून घेतल्यावर ती कवळीने खुणा करू लागली. पूर्वी नरांना खच्ची करायचे कामही ती दातांनीच करायची, त्यामुळे जबड्याला सराव होता. तेव्हा कवळी काढून घेतली. एका दातापासून सुरू झालेला कळप बत्तिशी जप्त झाल्याने थांबला, असे रिस्तेन म्हणाली, आणि हसता हसता तिने तोंड फिरवले.

एव्हाना नवीच अडचण उभी राहिली होती. दुसऱ्याच्या जनावराला हात लावायचा नाही, हे सामी रहिवाशांच्या हाडीमाशी होते. खूण असलेल्या टॉवेलला ते शिवेनात. सगळे ओले हात झटकत फिरत होते आणि फरशीवर दोनजण घसरले होते.

*

शहराची गाडी दुपारी यायची होती, त्या दिवसाची सकाळ. गारेनची बॅग भरून दाराशी ठेवलेली. न्याहारीला स्वेरे यांनी टेबलाटेबलाशी जाऊन नोकरीत शिकलेल्या सामीत रोजच्यासारखेच विचारले, "किती आहेत?"

"झाडाच्या या बाजूलाही आहेत, त्या बाजूलाही," गारेन म्हणाली. तोंडात कवळी नव्हती तरी उत्तर सुबक आले. प्रश्न टाळायचे हे उत्तर तिला तिच्या आजीने शिकवले होते आणि स्वेरे यांनाही ते पूर्ण नोकरीभर मिळाले होते. त्यांनी मान डोलावली.

"तिची मोजायला एक बोट पुरे," पलीकडून योव्ना म्हणाला.

"आणि तुझी कापायला अंधार लागतो," गारेन म्हणाली. समोरचा माणूस कोण हे तिला नक्की ठाऊक होते असे मला वाटत नाही. पण शिवी अचूक बसली.

योव्नाने बशी आपटली. "मग घाला ना कोंडवाड्यात! सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घाला! दिसेल कोणाचं काय ते."

"घाला की. भीती कोणाला आहे?"

"काय म्हणताहेत?" तुरिदबाईंनी विचारले.

रिस्तेनने नाइलाजाने सांगितले. शरदात सगळ्यांचे कळप मिसळलेले असतात. ते गोल कोंडवाड्यात हाकतात आणि जो तो फास टाकून आपापले जनावर आपल्या खणात ओढून नेतो. याला निवडणी म्हणतात. ती झाल्याशिवाय कोणी हिवाळ्याच्या कुरणाकडे निघत नाही.

"करून टाकू," तुरिदबाई म्हणाल्या.

"बाई, चपला आणि टॉवेल आहेत हे."

"मला माहीत आहे काय आहेत ते. निदान माणसांना हात तरी पुसता येतील. आणि तिचं काय काय बरोबर द्यायचं ते कळेल."

"दुपारपर्यंत दोघंही विसरतील."

"मग दुपारच्या आत करू."

मी हे एवढ्यासाठी नोंदवते, की पुढे गावात हा बेत रिस्तेनचा होता असे पसरले. रिस्तेन विरोधात होती. ती म्हणत होती, माझ्या आत्याचा शेवटचा दिवस तमाशात घालवू नका.

*

जेवणघरातली टेबले आडवी पाडून गोल कुंपण केले. कडेला गारेनचा खण, योव्नाचा खण, आणि अनोळखी जनावरांसाठी तिसरा. मध्यभागी सपाता, उशा, पडदे, टॉवेल, हातमोजे यांचा ढीग. चाकाच्या खुर्च्यांतली माणसे कुंपणाला टेकून बसली. एरवी नाव विचारले तरी गोंधळणारी ही माणसे मान ताणून कानांकडे, म्हणजे कोपऱ्यांकडे, पाहू लागली.

गारेन कोंडवाड्यात आली. तिने ढिगाकडे पाहिले.

"मेलेत का?" तिने विचारले.

"नाही, आत्या."

"मग हलत का नाहीत? मेलेल्या जनावरांची कसली निवडणी? खड्डा करा."

थोडी कुजबुज झाली. मग स्वयंपाकघरातून जेवणाच्या ढकलगाड्या आणल्या, ढीग त्यांवर रचला आणि दोन आचाऱ्यांनी गाड्या गोल फिरवायला सुरुवात केली. ताबडतोब कुंपणावरून आरडाओरडा उठला.

"उलटं! उलटं फिरवताहेत!"

"जनावर असं फिरतं का कधी? डोळे आहेत की बटणं?"

"दक्षिणेकडचे आहेत, त्यांना काय कळतंय!"

दोन्ही आचारी याच गावचे होते. गाड्या वळवल्या आणि कळप डाव्या अंगाने फिरू लागला. लोक शांत झाले. गारेनने हात पुढे केला. कपडे वाळत घालायच्या दोरीचा फास रिस्तेनने तिच्या हाती दिला, आणि मी आजवर जे नुसतेच ऐकले होते ते पाहिले. सकाळी चमचा कुठल्या हातात धरायचा हे जिला सुचले नव्हते, तिने वेटोळे केले, मनगट वळवले, आणि फिरत्या गाडीवरची एक उशी कानाने धरून खाली आणली. मग टॉवेल. मग हातमोजा. दोरी परत गोळा करताना ती तिच्याकडे बघतही नव्हती.

"शेंडा छाटलेला, खाली खाच," कुंपणावरून कोणीतरी पुकारले. "गारेनचं!"

योव्नानेही फास टाकला. त्याचे नेम कमी लागत, पण आवाज मोठा होता. दोन्ही खण भरत चालले. तुरिदबाई कॉफीची किटली घेऊन कुंपणाच्या आत आल्या, एवढ्यात दोरी सळसळली आणि त्यांच्या घोट्यात बसली.

"अहो! अहो, हे—"

"पाय वर करा बाई," रिस्तेन म्हणाली. "कान बघायचे असतात."

"मी माणूस आहे!"

"ते नंतर. ओढू नका, जनावर अडलं की फास आवळतो."

तुरिदबाईंनी एक पाय वर केला. गारेनने सपातेचे टोक चाचपले, मग दुसरीची खाच. "माझं," ती म्हणाली, आणि तुरिदबाईंना किटलीसकट आपल्या खणात नेऊन उभे केले. "धडधाकट आहे. जरा बुजरं आहे."

स्वेरे न बोलावताच मागोमाग आले. कॉफीची किटली जिकडे जाईल तिकडे ते जातात, ही आश्रमातल्या सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट आहे. पण ते खणाच्या तोंडाशी पोचले, आणि गारेनची नजर त्यांच्या कानावर गेली.

गाड्या थांबल्या. ती स्वेरे यांच्याजवळ गेली. दोन बोटांत तिने त्यांचा उजवा कान धरला, मग डावा, उलटून पाहिला. रिस्तेन पुढे सरकली. तुरिदबाईंनी जाण्याचा प्रयत्न केला, पण दोरी टेबलाच्या पायात अडकली होती. गारेनच्या हातात काही नव्हते. पण कवळी काढण्यापूर्वीही तिच्या हातात काही नसायचे.

"अरे, याच्या गळ्यात पाटी का नाही?" ती ओरडली. "कोण करतंय हे काम? आई कोणती ते कळेपर्यंत कापायचं नसतं, एवढंही माहीत नाही का? उद्या दुसऱ्याचं पिलू कापून बसाल!"

हे खरे आहे. कोणाचे ते ठाऊक नसलेल्या पिलाच्या गळ्यात आकड्याची पाटी अडकवतात आणि ते कोणत्या मादीमागे जाते यावर नजर ठेवतात. जेवताना रुमाल गळ्यात अडकवायच्या साखळीला टेबल क्रमांकाचा पुठ्ठा लावून तो स्वेरे यांच्या गळ्यात घातला. स्वेरे यांनी तो वाचला आणि त्यांना तो आवडलेला दिसला. मग ते तुरिदबाईंच्या, म्हणजे किटलीच्या, शेजारी जाऊन उभे राहिले.

"राहू दे तिथे," गारेन म्हणाली. "बघू पुढे."

मध्यभागी आता एकच वस्तू उरली होती. पांढऱ्या लोकरीची उशी. दोघांनी दोन्हीकडून धरली.

"कान बघ आणि मग बोल," योव्ना म्हणाला. "खाली एक, वर एक. माझी आहे."

गारेनने कोपऱ्यावर अंगठा फिरवला. "वरची नंतरची आहे."

"नंतरची तर नंतरची! एक खाच घालायला वेळ तो काय लागतो? तुझ्या त्या पांढऱ्याला मी बसल्या बसल्या घातली. त्याने मानसुद्धा हलवली नाही!"

हे वाक्य मी स्वतः ऐकले. जेवणघरात किमान डझनभर माणसांनी ऐकले, आणि ज्यांना समजले त्या सगळ्यांनी गारेनकडे पाहिले. चर्चच्या दारातल्या त्या दिवसापासून तिला एवढेच ऐकायचे होते. रिस्तेनने दोन्ही हात तोंडावर धरले.

"कुठला पांढरा?" गारेनने विचारले.

"कुठला म्हणजे? तुझा! गाडी ओढायचा तो! ज्याच्यावरून तू मला भर गावात चोर म्हणालीस!"

"मी? छे. मी कशाला कोणाला असं म्हणेन? तू कोणाचा रे?"

"बिएराचा! बिएराचा योव्ना!"

"बिएराचा का?" तिचा चेहरा खुलला. "चांगला माणूस. त्याने माझा दात बघितला होता."

योव्ना उलट्या पडलेल्या टेबलावर बसला. मग रिस्तेनकडे वळून तक्रार केल्यासारखा म्हणाला, "हिला आठवतच नाही. मग मी इतकी वर्षं तोंड दाबून बसलो ते कोणासाठी?"

*

शहराची गाडी वेळेवर आली. चालक दारात उभा राहिला. आडवी टेबले, ढकलगाड्या, दोरीत अडकलेल्या व्यवस्थापक, गळ्यात पाटी घातलेले एक गृहस्थ. त्याने आपला कागद काढला.

"सामान किती आहे बाईंचं?"

सगळ्या सामी माणसांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिले.

"आत्या," रिस्तेन म्हणाली, आणि तिने कोट पुढे केला. "गाडी आलीय. निघायचंय."

"निघायचं? चला की." गारेन आनंदाने कोट चढवू लागली. शरद, निवडणी, मग हिवाळ्याचे कुरण. तिच्या दृष्टीने सगळे क्रमाने चालले होते. तिने तुरिदबाईंची दोरी हातात घेतली. "यांनाही घ्या. हे सगळं माझं आहे."

एवढ्यात योव्ना उठला आणि पांढरी उशी तिच्यापुढे धरली. "ही पण ने. तुझी आहे."

तिने कोपरा पाहिला. "खूण तुझी आहे."

"खूण मीच केली!"

"तेच म्हणतेय. तुझी खूण, तुझं जनावर. दुसऱ्याचं मी नेत नाही."

"अगं, पण तुझं आहे ते! चोरलं मी!"

"तसं असेल तर आधी मिटवायला हवं," गारेन म्हणाली. "वादातलं जनावर कोंडवाड्यात ठेवून कोणी निघतं का?" आणि तिने कोट काढला, घडी घातली आणि खाली बसली.

योव्नाने सुईदोरा मागितला. वरची खाच शिवून टाकायची, म्हणजे खाली तिचीच खूण उरेल, असा त्याचा विचार. दोरा सुईत जाईना. कोणी मदत करू लागले तर तो त्यांना हाकलत होता. सगळे वाट पाहत राहिले. चालकानेही एक कप कॉफी घेतली, ती तुरिदबाईंनी त्याला खणातूनच ओतून दिली.

"अजून किती वेळ?" त्याने विचारले.

तुरिदबाईंनी स्वेरे यांच्याकडे पाहिले. पाटी, आणि पाटीच्या वर दोन अखंड कान. त्या कानांसाठीच तर गाडी बोलावली होती. पाटी असेपर्यंत गारेन त्यांना हात लावणार नव्हती, आणि पिलाची आई सापडण्याची शक्यता फार कमी होती. मग त्यांनी योव्नाच्या सुईकडे पाहिले.

"निवडणी पूर्ण झालेली नाही," त्या म्हणाल्या. "त्याआधी त्यांना हलवता येत नाही."

"कधी पूर्ण होते ती?"

"शरदात."

"शरदच चालू आहे."

"मग पुढच्या," तुरिदबाई म्हणाल्या. "रिस्तेन, बॅग परत खोलीत ठेव. आणि कोणीतरी मला सोडवा, दोरी बोचतेय."

*

त्यानंतर आणखी एक शरद होऊन गेला. निवडणी पुन्हा झाली, पांढऱ्या उशीचा वाद पुन्हा सुटला नाही, शहरातली जागा पुन्हा पुढे ढकलली गेली. खुणा करणे थांबले आहे. एक स्पष्टीकरण असे, की आश्रमात आता बिनखुणेचे काही उरलेलेच नाही. गारेनला कवळी परत मिळाली, त्या कवळीने ती सुके मांस खाते. बाकीचे टॉवेलच्या मालकाची परवानगी घेऊन हात पुसतात. तुरिदबाई त्याच सपाता घालतात.

योव्ना रोज सकाळी उशी घेऊन समोरच्या खोलीत जातो आणि कबुली देतो. ती विचारते, कुठला पांढरा? मग तो पहिल्यापासून सांगतो. तपशील बदलत चालले आहेत. गेल्या खेपेला मी ऐकले तेव्हा त्याने पांढऱ्याला वादळातून वाचवून स्वतः तिच्या तंबूपर्यंत आणून सोडले होते. हे खोटे आहे, पण ते ऐकून तिने त्याला कॉफी दिली आणि त्याने ती बशीतून, चीजचे तुकडे बुडवून, प्यायली.

त्याच सकाळी स्वेरे गळ्यातली पाटी सावरत तिच्या टेबलाशी आले. "किती आहेत?"

तिने त्यांच्याकडे नीट पाहिले. "तुला धरून की सोडून?"

स्वेरे यांनी पुष्कळ विचार केला. "धरून," ते म्हणाले.

तिने त्यांना खाली वाकायची खूण केली, कान ओढून जवळ घेतला आणि काहीतरी सांगितले. मी शेजारच्याच खुर्चीवर होते. मला ऐकू आले नाही. स्वेरे ताठ उभे राहिले. सगळी नोकरी ज्या उत्तरासाठी गेली ते त्यांना मिळाले होते, आणि किटली त्यांच्या कपाशी येईपर्यंत ते त्यांच्या लक्षात होते.

मी तिला विचारले नाही. तसे कोणी विचारत नाही.